कॉलेजात लिहिलेल्या कोडचं पुढं काय होतं? ओपन सोर्स, आपली विद्यापीठं आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांनी आणि आपल्या विद्यापीठांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी नक्की काय करावं असं तुम्हाला वाटतं. पत्रं भरपूर आली, विद्यार्थ्यांची तर आलीच पण एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पण आलं, आणि ते वाचून फार बरं वाटलं कारण हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाहीचै. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही बघता, वापरता, बदलता आणि पुढं वाटता येतो आणि तशी परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली असते ते ओपन सोर्स. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत जो लिनक्स कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभा, असतो तो असाच आहे. आता प्रश्न.

प्रश्न: ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघींच्या ग्रुपने पुरावर प्रोजेक्ट केलाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी टाकली की पाणी कुठल्या भागापर्यंत येईल ते मॅपवर दिसतं. मला हा कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकायचाय पण गाईड सर म्हणतात उघडा टाकला की दुसऱ्या कॉलेजची पोरं उचलतील, आणि तसाही तो कोड कॉलेजचा आहे, तुमचा नाही. खरंच तसं असतं का?
(एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: आधी मालकीचं बोलू. आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीसारखंच धरलंय आणि साधारण नियम असा की लिहिणारा हाच पहिला मालक. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाकडं जाते, पण तुम्ही विद्यार्थिनी आहात, कॉलेजच्या नोकरीत नाही, त्यामुळं वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर कोड तुम्हा चौघींचा. वेगळं काही लिहून दिलंय का हे मात्र बघावंच लागेल, कारण काही कॉलेजांच्या आयपी (बौद्धिक संपदा) पॉलिसीत विद्यार्थ्यांच्या कामावर कॉलेजचा हक्क लिहिलेला असतो आणि ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्या फॉर्मवर न वाचता सही करतो. ऑफिसमधून ती पॉलिसी मागून घे आणि एकदा नीट वाच. कंपनीने स्पॉन्सर केलेला प्रोजेक्ट असेल तर ते ॲग्रीमेंट पण वाच. दुसरं म्हणजे चौघींनी मिळून लिहिलंय तर लायसन्स लावायला चौघींची संमती पाहिजे, ती ईमेलवर घेऊन ठेव, नंतर एकीला प्लेसमेंट लागली आणि ती परदेशी गेली की मग शोधत बसायला लागतं.

आता उचलतील या भीतीचं. सरांचा राग नाही येत मला, कारण आपल्याकडं प्रोजेक्ट विकत मिळतात हे त्यांनी बघितलेलं असतं. पण गिटहबच्या मागं जे गिट आहे त्यात कुठली ओळ कुणी कधी लिहिली याचा इतिहास राहतो, आणि एमआयटी किंवा जीपीएल सारख्या लायसन्समध्ये मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ काढून टाकायला परवानगी नसते. बंद कपाटातल्या सीडीवर तुझं नाव आहे हे कुणाला दिसणारच नाही, उघड्या रिपॉझिटरीवर जगाला दिसतं.

आणि विषय कुठला निवडलायस बघ! ऑगस्ट २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ ला परत पूर आला. त्यानंतर आपल्या भागातल्या कॉलेजांत पुरावरचे प्रोजेक्ट होतायत, दरवर्षी नवीन ग्रुप शून्यापासून सुरू करतो, मे महिन्यात व्हायवा होतो, रिपोर्टचं काळं बाइंडिंग होतं आणि जूनमध्ये पाऊस सुरू होताना ते सॉफ्टवेअर चालवायला कुणीच नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. श्रीलंकेत २००४ च्या सुनामीनंतर तिथल्या लोकांनी सहाना नावाचं आपत्ती व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लिहिलं, हरवलेल्या माणसांची नोंद, छावण्या, मदतीचं सामान असं सगळं त्यात होतं, आणि कोड खुला होता म्हणून नंतर दुसऱ्या देशांतल्या आपत्तींमध्ये पण ते वापरता आलं. तुमच्या पुढच्या बॅचने तुमच्या कोडवरून पुढं जावं, कृष्णेच्या जोडीला वारणा घ्यावी, एवढी सोय तरी तुम्ही करून जा. मॅप ओपनस्ट्रीटमॅपचा वापरला असेल तर त्याचा उल्लेख ठेवायला विसरू नकोस, त्याची ती अट आहे. हा ओपनस्ट्रीटमॅप पण २००४ ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या मुलाने सुरू केला आणि त्याच्या सर्व्हरना त्या कॉलेजने कितीतरी वर्षं जागा दिली होती. हे सरांना सांग.

प्रश्न: मी निवृत्त प्राचार्य आहे. सॉफ्टवेअर बनवणं हे कंपन्यांचं काम, विद्यापीठाने शिकवावं आणि संशोधन करावं. जनतेच्या पैशातून विद्यापीठाने सॉफ्टवेअर लिहून फुकट का वाटावं, हे मला अजून पटलेलं नाही.
(एक वाचक, सातारा)

उत्तर: सर, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण मला उलट वाटतं. जनतेच्या पैशातून झालेलं काम जनतेला मिळावं यासारखी सरळ गोष्ट नाही. आणि इतिहास बघितला तर आज कंपन्या ज्याच्यावर उभ्या आहेत त्यातलं कितीतरी विद्यापीठातच लिहिलं गेलंय. इंटरनेटची जी भाषा आहे, टीसीपी-आयपी, ती कॉम्प्युटरमध्ये सगळीकडं पोचली त्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्सचा मोठा वाटा होता, १९८३ ची आवृत्ती. लिनक्स १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केला. स्टॅटिस्टिक्सच्या प्रत्येक विभागात आज जी आर भाषा चालते ती न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन शिक्षकांची.

पण मला तुम्हाला दोन गोष्टी जरा सविस्तर सांगायच्यात. पहिली पोस्टग्रेस या डेटाबेसची. बर्कलीत १९८६ ला प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी सरकारी ग्रँटवर तो प्रोजेक्ट सुरू केला, १९९४ ला विद्यापीठाने तो अधिकृतपणे संपवला. आपल्याकडं इथंच गोष्ट संपली असती, फायनल रिपोर्ट, युटिलायझेशन सर्टिफिकेट, झालं. पण लायसन्स मोकळं होतं. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा घातली, मग बाहेरच्या लोकांनी ते हातात घेतलं आणि १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने ते चालूच आहे, आज जगभर बँकांपासून सरकारी कामापर्यंत वापरतात. ग्रँट संपली, काम संपलं नाही.

दुसरी इलिनॉय विद्यापीठाची. तिथल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅककूल नावाच्या विद्यार्थ्याने १९९३ च्या सुमाराला वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, लिहिला, तेव्हा वेबवर तोच सगळ्यात जास्त वापरात होता. १९९४ मध्ये तो मुलगा केंद्र सोडून गेला आणि काम ठप्प झालं, विद्यापीठात ते पुढं न्यायला कुणी नव्हतं. मग जे लोक तो सर्व्हर वापरत होते ते आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवायला लागले, १९९५ ला त्यांचा गट झाला आणि त्यातून अपाचे सर्व्हर आला, जो वर्षभरात जगात एक नंबरवर गेला. सर, इथं विद्यापीठ कमी पडलं हे मान्य करू, पण सोर्स खुला होता म्हणून काम वाचलं. आपल्याकडं पोरगं पास आऊट झालं की कोड त्याच्या लॅपटॉपबरोबर जातो आणि विभागाकडं उरतो तो रिपोर्ट.

प्रश्न: मी कऱ्हाडजवळच्या कॉलेजात शिकवतो. ओपन सोर्ससाठी काहीतरी करा असं सगळे म्हणतात, आम्ही दरवर्षी एक दिवसाची वर्कशॉप घेतो, सर्टिफिकेट वाटतो, फोटो काढतो. बजेट जवळजवळ नाही. खरंच उपयोग होईल असं काय करता येईल ते सांगा.
(एक प्राध्यापक, कऱ्हाड)

उत्तर: सर, तुम्ही स्वतःच वर्कशॉपचं लिहिलंत म्हणून स्पष्ट सांगते, त्याने फार काही होत नाही. चोवीस तासांच्या हॅकेथॉननं पण नाही, कारण त्यात लिहिलेला कोड पंचविसाव्या तासाला कुणी उघडत नाही. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर येऊन थांबतं, ते म्हणजे या कामाला मार्क मिळाले पाहिजेत. पोरं मार्कांसाठी धावतात यात त्यांचा दोष नाही, आपण व्यवस्थाच तशी केलीय, मग ज्या कामाचे मार्क नाहीत ते काम हुशार पोरगं रात्री जागून करतं आणि बाकीचे सोडून देतात.

आणि मार्क द्यायला नवीन काही काढायची गरज नाही. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीला ऑन जॉब ट्रेनिंग, फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट असे क्रेडिट आहेतच, इंजिनिअरिंगला फायनल इयर प्रोजेक्ट आहे. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल तर तुमच्याच अभ्यास मंडळात ठरवता येतं, संलग्न असेल तर विद्यापीठाच्या मंडळाकडं जावं लागेल. ठरवायचं एवढंच की एखाद्या चालू ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये स्वीकारलं गेलेलं काम हे प्रोजेक्ट म्हणून धरलं जाईल. किंवा मागच्या बॅचचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचने घ्यायचा, त्यातल्या चुका काढायच्या, डॉक्युमेंटेशन लिहायचं, आणि त्याचे मार्क नवीन प्रोजेक्टइतकेच. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण आपण पोरांना फक्त नवीन बांधायला शिकवतो, चालू ठेवायला कधीच शिकवत नाही, आणि नोकरीत गेल्यावर पहिली कितीतरी वर्षं दुसऱ्याचा जुना कोड वाचण्यातच जातात. एक्स्टर्नल एक्झामिनर विचारेल की यात इनोव्हेशन काय, तर त्याची तयारी ठेवा, रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क ते, आधीच लेखी करून ठेवा.

मग माणूस पाहिजे. परदेशात काही विद्यापीठांनी यासाठी वेगळं ऑफिसच काढलंय, ओपन सोर्स प्रोग्राम ऑफिस म्हणतात, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, आयर्लंडमध्ये ट्रिनिटी कॉलेज डब्लिन वगैरे. कुठलं लायसन्स लावायचं, कंपनीशी करार कसा करायचा, पोरांना कुठल्या प्रोजेक्टला जोडायचं हे तिथली माणसं बघतात. आपल्याला ऑफिस नको, एका शिक्षकाचा आठवड्याचा थोडा वर्कलोड कमी करून त्याला हे अधिकृत काम म्हणून द्या. अधिकृत हा भाग सोडू नका, आवड आहे म्हणून सगळं सांभाळणारे सर बदली झाले किंवा निवृत्त झाले की दुसऱ्या दिवशी बंद पडतं हे सगळ्यांनी बघितलंय. विद्यार्थ्यांच्या बाजूने क्लब लागतो, आपल्याच सांगलीत वालचंद कॉलेजमध्ये वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप हा विद्यार्थ्यांचा गट आहे, सीनियर ज्युनियरला शिकवतात, त्यांच्याशी एकदा जाऊन बोला, कऱ्हाडहून काही लांब नाही.

पैशाचं म्हणाल तर आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका योजना आहे, सगळा महाराष्ट्र ती साताऱ्याकडून शिकला. त्यात मुलं लायब्ररीत काम करतात, ऑफिसात करतात, शेतात करत होती. तसंच कॉलेजचं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम का नको? ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीची ओपन सोर्स लॅब २००३ पासून हेच करते, विद्यार्थ्यांना पगार देऊन सर्व्हर सांभाळायला लावते आणि त्या सर्व्हरवर जगातले मोठमोठे ओपन सोर्स प्रोजेक्ट होस्ट होतात, तिथून बाहेर पडलेल्या मुलांना काम शिकवावं लागत नाही. तासाचे जे पैसे आपण झेरॉक्स काढायला देतो तेच एखाद्या पोरीला कॉलेजच्या ॲडमिशन पोर्टलमधले बग काढायला द्या.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिक्षणात आणायचा आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प तर तुम्हाला माहीतच असेल, प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून चालतो. त्यात एक साधी पण फार चांगली योजना होती, टेक्स्टबुक कम्पॅनियन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या एखाद्या पुस्तकातली सगळी सोडवलेली उदाहरणं मुलांनी सायलॅब या मोफत गणिती सॉफ्टवेअरमध्ये कोड करून द्यायची, तपासून झाली की मानधन मिळायचं आणि कोड सगळ्यांसाठी खुला व्हायचा. महागड्या मॅटलॅबच्या लायसन्सशिवाय शिकता यावं हा उद्देश. सिव्हिलवाल्यांसाठी त्यांचंच ऑस्डॅग आहे, स्टीलचं डिझाइन भारतीय मानकाप्रमाणे करतं, इलेक्ट्रॉनिक्सला सर्किटसाठी ईसिम. म्हणजे हे फक्त कॉम्प्युटर विभागाचं काम समजू नका. स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मराठीत पण आहेत, ती लॅबमध्ये हेडफोन लावून मुलांना स्वतः करू द्या.

आणि एक पानाची आयपी पॉलिसी करा. वरच्या पोरीचा प्रश्न वाचलात ना? मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननी जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेची नोकरी सोडली आणि मग जीएनयू या मोकळ्या सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं, कारण नोकरीत राहून लिहिलं तर संस्था त्या कोडवर हक्क सांगेल ही भीती होती. संस्थेने नंतर त्यांना तिथली जागा वापरू दिली ही चांगली गोष्ट. पण माणसाला कोड मोकळा करण्यासाठी नोकरी सोडावी लागू नये. पॉलिसीत लिहून टाका की विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने ओपन सोर्स लायसन्स लावायचं ठरवलं आणि कुठल्या कराराच्या आड येत नसेल तर कॉलेजची हरकत नाही, अर्ज आल्यापासून अमुक दिवसांत उत्तर नाही दिलं तर परवानगी आहे असं समजावं. ही शेवटची ओळ घालाच, नाहीतर फाइल टेबलावरच राहते.

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्र रात्र जागून कॉम्प्युटरवर असतो, विचारलं तर म्हणतो जर्मनीतल्या लोकांच्या सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करतोय. पैसे काय मिळत नाहीत म्हणतो. आमची द्राक्षाची बाग आहे, कर्ज काढून शिकवतोय. हे असलं काम करून याचं पुढं काय होणार?
(एक वडील, तासगाव तालुका)

उत्तर: दादा, तुमची काळजी मला समजते आणि खोटा धीर देणार नाही, यातून नोकरी लागतेच असं कुणी सांगू शकत नाही. पण तुमचा मुलगा वेळ वाया घालवत नाहीये. त्याने केलेली दुरुस्ती अनुभवी माणसांनी तपासून घेतली असेल तर ती त्याच्या नावासकट कायमची उघड्यावर राहते, मुलाखत घेणाऱ्याला ती वाचता येते. रिझ्युमेत काहीही लिहिता येतं, हे खोटं करता येत नाही. याच कामाचे पैसे पण मिळू शकतात, गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात निवड झाली तर ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायला स्टायपेंड मिळतो. श्रीलंकेतलं मोरातुवा विद्यापीठ कितीतरी वर्षं यात जगात सगळ्यात जास्त विद्यार्थी पाठवणाऱ्या विद्यापीठांत वरच्या नंबरला होतं, कारण तिथले सीनियर ज्युनियरांना अर्ज लिहायला शिकवायचे. कोड मोकळा असला तरी धंदा होतो, मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर पूर्ण ओपन सोर्स आहे आणि ते बनवणारी कंपनी होस्टिंग आणि सपोर्टवर चालते, आणि रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी तर आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली.

आणि दादा, तास-ए-गणेश हे वाण तुमच्याच तालुक्यातल्या एका बागायतदाराने थॉमसन सीडलेसमधून निवडलं, त्याच्या काड्या बागेतून बागेत गेल्या, आणि पुढच्या माणसाने त्यात अजून निवड केली म्हणून आज इतकी वाणं आहेत. तुमचा मुलगा तेच करतोय.

फक्त त्याला सांगा की बॅकलॉग राहू द्यायचा नाही आणि झोप घ्यायची. आणि त्याच्या कॉलेजला विचारा की या कामाचे क्रेडिट का मिळत नाहीत. पालक सभेत एका वडिलांनी हा प्रश्न विचारला तर त्याचं वजन माझ्या या लेखापेक्षा जास्त पडेल.

प्रश्न: मी बीसीएसला आहे. एका व्हिडिओत बघून मोठ्या प्रोजेक्टच्या रीडमी (माहितीच्या) फाइलमध्ये नाव घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, टाकली. त्यांनी बंद केली आणि स्पॅम असं लेबल लावलं. फार लाज वाटली. माझं इंग्रजी पण कच्चं आहे. मी यात येऊ नये का?
(एक विद्यार्थी, कोरेगाव)

उत्तर: ये की! लाज वाटली म्हणजेच तुला कळलंय, आता पुढं चल. तू एकटा नाहीस, २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस या प्रोजेक्टवर अशाच शेकडो रिक्वेस्ट येऊन पडल्या होत्या, आणि ओपन सोर्सला योगदान दिलं की टी-शर्ट मिळायचा त्या हॅक्टोबरफेस्टमध्ये २०२० ला इतका कचरा गेला की आयोजकांना नियमच बदलावे लागले. समोरची माणसं बऱ्याचदा बिनपगारी, नोकरी करून रात्री हे काम करणारी असतात, त्यांचा वेळ जातो. यात मला तुझ्यापेक्षा कॉलेजची चूक जास्त दिसते, कारण कॉलेजात कुणी बसून शिकवत नाही म्हणून पोरं व्हिडिओवर जातात. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी पेपरसाठी म्हणून लिनक्स कर्नलमध्ये मुद्दाम चुकीचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले होते, तर एप्रिल २०२१ मध्ये त्या सगळ्या विद्यापीठाच्याच योगदानावर बंदी आली, पेपर पण मागे घ्यावा लागला. म्हणून माझं मत असं की कॉलेजच्या क्लबात आधी सीनियरने बघावं आणि मगच पोरांचं काम बाहेर जावं.

तू असं कर, तू रोज जे सॉफ्टवेअर वापरतोस त्यातलंच एक निवड. त्यात काही बिघडलं तर नीट लिहून कळव, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कुठली. साधं इंग्रजी चालतं, तिकडच्या कितीतरी लोकांची पण ती दुसरी भाषा आहे. आणि मराठी तुझी पक्की आहे ना, मग फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्या मराठी भाषांतराला माणसं हवीच असतात, मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आवाज देता येतो, त्यातून मशीन मराठी बोली ऐकायला शिकते आणि आपल्या साताऱ्याकडचा हेल त्यात असायलाच पाहिजे. मराठी विभागाच्या मॅडमना पण यात घे, कॉम्प्युटरच्या पोरांनी केलेलं भाषांतर त्यांनी तपासलं तर काय बिघडलं.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुनं सॉफ्टवेअर आहे, दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, भरतो. कोहा या ओपन सोर्स ग्रंथालय सॉफ्टवेअरवर जावं का? नंतर बंद पडलं तर कोण बघणार?
(एक ग्रंथपाल, सातारा)

उत्तर: जा. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालय ट्रस्टसाठी १९९९ मध्ये लिहिलं गेलं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की चालणार नाही म्हणून, आणि त्यांनी ते सगळ्या जगाला मोकळं केलं. युनिकोड मराठी नीट चालतं. फक्त तुमच्या जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतील, खरा वेळ तिथं जातो. कोण बघणार हा प्रश्न मात्र बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एकट्या कॉलेजकडं नाही. चार-पाच कॉलेजांनी मिळून एक माणूस ठेवावा, आता भरताय त्याच एएमसीच्या पैशातून. विद्यापीठाने यात पुढाकार घेतला तर फारच सोपं होईल.

प्रश्न: मॅडम, मी असिस्टंट प्रोफेसर आहे. मी लिहिलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉलेजांतले लोक वापरतात पण प्रमोशनच्या फॉर्ममध्ये ते कुठं लिहायचं तेच कळत नाही. शेजारच्या केबिनमध्ये डिझाइन पेटंट निघतात, त्याचे गुण मिळतात. मी हे का करू?
(एक शिक्षिका, इस्लामपूर)

उत्तर: मॅडम, हा प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसले, कारण सगळं घोडं इथंच अडलंय. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या कॉलेजांच्या रँकिंगमध्ये पेपर आणि पेटंट मोजली जातात, लोक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरचा वेगळा रकाना नाही, मग कॉलेज पण शिक्षकांकडं तेच मागतं. गंमत म्हणजे आपल्या पेटंट कायद्याच्या ३(के) कलमाप्रमाणे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळतच नाही, म्हणजे तुमच्या कामाला त्या रकान्यात जागाच ठेवलेली नाही.

सध्या हातात आहे ते करा. झेनोडो ही युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेची मोफत सेवा आहे, गिटहबवरची आवृत्ती तिथं टाकली की डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, मग लोकांना तुमच्या सॉफ्टवेअरचा संदर्भ देता येतो. सॉफ्टवेअर संशोधनाच्या उपयोगाचं असेल तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २०१६ पासून चालू, फी नाही, छोटा पेपर लिहायचा आणि परीक्षक कोड खरंच चालवून बघतात, तो पेपर म्हणून दाखवता येतो. वापरणाऱ्या कॉलेजांकडून लेटरहेडवर पत्रं घेऊन ठेवा.

पण हे सगळं मागच्या दाराने आत यायचं झालं आणि तुम्ही तसं यावं असं मला वाटत नाही. तुमच्या आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, लेखी पत्र द्या की अंतर्गत मूल्यमापनात ओपन सोर्स सॉफ्टवेअर हा वेगळा मुद्दा घ्या, किती लोक वापरतात, किती जणांनी योगदान दिलं, गेल्या वर्षात किती दुरुस्त्या झाल्या यावर गुण द्या. त्याची प्रत अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना द्या आणि विद्यार्थ्यांच्या क्रेडिटचा विषय पण त्याच पत्रात घाला, दोन्ही एकत्र गेले तर बरं. पुढची बैठक कधी आहे ते आधी ऑफिसात विचारून घ्या कारण अजेंडा बराच आधी निघतो, आणि पत्राच्या आवक नोंदीचा नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका. कऱ्हाडच्या सरांना पण हेच करायचंय, तुमची हरकत नसेल तर दोघांची गाठ घालून देते.